बैलाचा वेग आणि धन्याची थैली

चैत्र लागला, शिवारांतील गहू-हरभरा घरांत आला, कीं सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील गांवांना यात्रांचे वेध लागतात. २०२४ पर्यंत जो अहमदनगर जिल्हा म्हणून ओळखला जात होता, त्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम भागांत, पारनेर, संगमनेर आणि अकोले या तालुक्यांत, यात्रेच्या दिवशीं देवाची पालखी, तमाशाचा फड आणि कुस्त्यांचा आखाडा यांच्या जोडीला आणखी एक आकर्षण असतें. तें म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. गांवाबाहेरच्या माळावर दुतर्फा माणसांची भिंत उभी असते. ध्वनिक्षेपकावरून 'भिर्रर्र' अशी लांबलचक आरोळी उठते. आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच धुळीचा एक लोट माळाच्या तळापासून माथ्यापर्यंत जाऊन पोंचतो. सारा खेळ अवघ्या कांहीं सेकंदांचा; पण त्या सेकंदांसाठीं गांवच्या गांव वर्षभर झुरत असतें.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना या शर्यतीची ओळख बहुधा वृत्तपत्रांतून, आणि त्यांतही न्यायालयाच्या बातम्यांतून झालेली असते. शर्यतींत बैलाला क्लेश होतात कीं नाहीं, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याची चर्चाही भरपूर झाली. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच, व त्याचा विचार पुढें ओघानें येईल. परंतु त्याच्या सावलींत दुसरा एक प्रश्न झांकून गेला आहे. शर्यतींत उतरणाऱ्या दोन गाडामालकांपैकीं एकापाशीं चार एकर कोरडवाहू जमीन असावी आणि दुसऱ्यापाशीं चार मोटारी असाव्या, तर त्यांच्यांत होणाऱ्या चुरशीला चुरस म्हणावयाचें कीं नाहीं? धांवतो बैल, हें खरें. पण जिंकतें कोण? बैलाचे पाय, कीं धन्याची थैली?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं शर्यतीची रीत नीट समजून घेणें अवश्य आहे. सातारा-सांगलीकडील शर्यतींत दोन बैलांची हलकी छकडी असते, तींत हांकणारा बसतो, आणि अनेक छकड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांतून एकाच वेळीं सुटतात. पुणें जिल्ह्याचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला पारनेर-संगमनेरचा टापू येथील रीत निराळी आहे. येथें शर्यतीच्या जागेला 'घाट' म्हणतात. हा घाट म्हणजे डोंगरांतील वाट नव्हे, तर माळावर मुद्दाम तयार केलेली चढती धांवपट्टी. गाड्याला चार बैल जुंपतात. दोन गाड्याला लागून आणि दोन त्यांच्या पुढें. त्या सर्वांच्या पुढें एक घोडी असते, आणि तिच्यावर स्वार. गाड्यावर मात्र कोणीच बसत नाहीं. इशारा होतांच घोडी सुटते, आणि तिच्या मागोमाग चारी बैल झेपावतात. प्रत्येक गाडा एकटाच धांवतो. या एका धांवेला 'बारी' म्हणतात. आणि बारीला लागलेला वेळ सेकंदांत व सेकंदाच्या भागांत मोजला जातो.

वरवर पाहणाराला हा सारा गोंगाटच वाटेल. पण त्या गोंगाटाच्या आंत न्यायाच्या तीन गोष्टी गांवकऱ्यांनीं मोठ्या समजुतीनें गोंवून ठेवलेल्या आहेत. पहिली गोष्ट अशी, कीं घाट सर्वांना एकच आणि घड्याळही एकच. दुसरी अशी, कीं बारीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवितात. त्या चिठ्ठीला 'टोकन' असें सुटसुटीत नांव पडलें आहे. सरपंचाचा गाडा सकाळच्या थंड वेळीं आणि गरिबाचा भर उन्हांत, असा पंक्तिप्रपंच त्यामुळें टळतो. तिसरी गोष्ट या दोहोंपेक्षां सुंदर आहे. घाटांतील मुख्य बक्षीस एकट्या गाड्याला मिळत नाहीं. अमुक सेकंदांच्या आंत घाट चढणारे सगळे गाडे पहिल्या क्रमांकाचे, त्यांच्या मागोमाग ठराविक वेळांत येणारे सगळे दुसऱ्या क्रमांकाचे, अशी वर्गवारी असते. आणि त्या त्या क्रमांकाची रक्कम त्यांत आलेल्या गाड्यांना वांटून दिली जाते. परीक्षेंत ठराविक गुण मिळविणारे सर्व विद्यार्थी पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होतात, एकाच्या यशानें दुसऱ्याचें यश हिरावलें जात नाहीं, तसाच हा प्रकार. दिवसांतला सर्वांत कमी वेळ नोंदविणाऱ्या गाड्याला 'घाटाचा राजा' म्हणून मिरवितात. पण राजा एक असला, तरी पहिल्या क्रमांकाचे मानकरी अनेक असतात.

या न्यायाची खरी किंमत कळावयास जुन्या गांवगाड्याची आठवण करावी लागते. पोळ्याच्या दिवशीं बैल सजवून वेशीपाशीं आणीत, आणि तेथून पहिला बैल पाटलाचा निघे. त्याला मानाचा बैल म्हणत. त्याच्यामागून इतरांचे बैल आपापल्या पायरीप्रमाणें जात. या क्रमाशीं बैलाच्या गुणाचा कांहीं संबंध नव्हता. तो धन्याच्या जन्माचा आणि जमिनीचा क्रम होता. पाटलाचा बैल म्हातारा असो, लंगडा असो, वेशींतून तोच पुढें. उलट, यात्रेच्या घाटांत ही उतरंड घटकाभर कोसळून पडे. तेथें पाटलाच्या गाड्याला पंधरा सेकंद लागले आणि एखाद्या अल्पभूधारकाच्या गाड्याला तेरा, तर सगळ्या गांवादेखत तो अल्पभूधारक पाटलाच्या पुढें ठरे. दुसऱ्या दिवशीं त्याला पुन्हां पाटलाच्या ओसरीखालींच उभें राहावें लागे, ही गोष्ट निराळी. पण वर्षांतून एकदां, दोन सेकंदांच्या अंतरानें कां होईना, गांवाचा क्रम बदलूं शकतो, हा विश्वास लहान नव्हे. गरीब शेतकरी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन बैलाला पेंड घालीत आला, त्याचें एक कारण या विश्वासांत आहे.

तो विश्वास त्या काळीं टिकून राहिला, कारण श्रीमंत आणि गरीब यांच्या बैलांत अंतर असलें, तरी त्या अंतराला मर्यादा होती. जो बैल पेरणीला, तोच मोटेला, आणि तोच घाटाला. पाटलाचा बैल झाला म्हणून त्याला आठ महिने नुसतें उभें करून ठेवणें कोणालाच परवडणारें नव्हतें. माणदेशांतील खिल्लार जातीचे चपळ बैल मोठा शेतकरी विकत आणी, पण तेही नांगराला जुंपले जात. पुढें ट्रॅक्टर आला. त्यानें बैलाच्या मानेवरील जूं उतरविलें, आणि त्याबरोबरच शेतीच्या बैलाची आणि शर्यतीच्या बैलाची फारकत केली. आज घाटांत धांवणारा नामांकित बैल नांगर ओढीत नाहीं. त्याच्या खुराकांत कडबा आणि सरकी यांच्याखेरीज दूध, अंडीं, उडीद आणि बदामसुद्धां असतात. त्याला पोहण्याचा व्यायाम, त्याच्या दिमतीला स्वतंत्र गडी, आणि गांवोगांव नेण्यासाठीं टेम्पो. गाड्यापुढील घोडीचा खर्च वेगळाच. काष्टी, लोणी आणि घोडेगांव येथील जनावरांचे बाजार या जिल्ह्यांत जुने आहेत. तेथें एके काळीं बैलाचें मोल तो दिवसाला किती नांगरतो यावरून होई. घाटाच्या बैलाचें मोल तो किती सेकंदांत चढतो यावरून होतें, आणि नांवाजलेल्या बैलाचा सौदा लाखांच्या घरांत जातो.

या बदलाला न्यायालयीन इतिहासाचीही जोड मिळाली. ११ जुलै २०११ रोजीं केंद्र सरकारनें, ज्या प्राण्यांना खेळासाठीं शिकविण्यास व मिरविण्यास मनाई आहे, त्यांच्या यादींत बैलाचें नांव घातलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रासह देशांतील बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती करून शर्यतीला वाट करून दिली. पण त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें ती अडविली. अखेरीस १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें महाराष्ट्राची दुरुस्ती वैध ठरविली. मधल्या या वर्षांत घाट ओस पडले. ज्या बैलाला शेतांत काम नाहीं आणि घाटांत धांव नाहीं, त्याला दावणीला बांधून पोसणें कोणाला शक्य होतें? साहजिकच ज्याच्यापाशीं दुसरें उत्पन्न होतें, त्याला. गरिबानें बैल विकला, आणि शर्यती पुन्हां सुरू झाल्या तेव्हां त्याच्या दावणीचा खुंट रिकामा होता.

शर्यती पुन्हां सुरू झाल्या त्या दुप्पट थाटानें. पुणें जिल्ह्यांत चिखली येथें २०२२ सालीं झालेल्या शर्यतींत माती उपसणारें जेसीबी यंत्र बक्षीस म्हणून ठेवलें होतें. सांगली जिल्ह्यांत २०२३ सालीं झालेल्या एका शर्यतींत पहिलें बक्षीस 'थार' मोटारीचें होतें. अन्यत्र ट्रॅक्टर ठेवूं लागले. ज्या ट्रॅक्टरनें बैलाला शेतांतून बाहेर घालविलें, तोच ट्रॅक्टर बैलानें धांवून जिंकावा, हा योग विलक्षण खरा. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. रोख रक्कम दहा जणांत वांटतां येते. मोटार वांटतां येत नाहीं. बक्षीस जसजसें मोठें आणि अखंड होत जातें, तसतशी पहिल्या क्रमांकाच्या अनेक मानकऱ्यांची जुनी रीत मागें पडते, आणि सारें कांहीं एकाच्याच अंगणांत जाऊन उभें राहतें.

आतां संगमनेरच्या पठारावरील एखादा शेतकरी कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावा. पावसावर अवलंबून असलेली थोडी बाजरी, थोडा कांदा, एक गाय. त्या गाईला एक खोंड झालें. त्याचे कान, त्याची शेपटी, त्याच्या पायांची ठेवण पाहून म्हाताऱ्या माणसांनीं सांगितलें, कीं हें घाटाचें जनावर आहे. घरांतल्या मुलांच्या वांट्याचें दूध त्या खोंडाला गेलें. गृहिणीनें कुरकुर केली, आणि मग तिनेंच त्याला भाकरीचा पहिला तुकडा भरवावयास सुरुवात केली. तीन वर्षांनीं त्यानें दुसऱ्यांच्या तीन बैलांबरोबर पहिली बारी केली, आणि गाडा पहिल्या क्रमांकांत आला. त्या रात्रीं घरीं कोणी झोंपलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दारांत एक मोटार उभी राहिली. आलेल्या गृहस्थानें बैलाभोंवतीं एक फेरी मारली आणि आंकडा सांगितला. त्या आंकड्यांत विहिरीचें कर्ज फिटत होतें, आणि मुलीचें लग्नही होत होतें.

शेतकऱ्यानें बैल विकला. त्यानें चूक केली असें कोण म्हणेल? पण पुढल्या वर्षीं त्याच घाटांत तो माणसांच्या भिंतींत उभा असतो. त्याचा बैल येतो, धांवतो, जिंकतो. आणि ध्वनिक्षेपकावरून नांव पुकारलें जातें तें नव्या मालकाचें. ज्यानें त्याला चालावयास शिकविलें त्याचें नांव कोणालाच ठाऊक नसतें. तो टाळ्या वाजवितो, आणि घरीं जातो. त्याचा कोणीं घात केलेला नाहीं, कोणता नियम मोडलेला नाहीं, पैसे रोख मिळालेले आहेत. तरीसुद्धां त्याच्या हातून कांहींतरी गेलें आहे. तें काय गेलें, हाच या सर्व प्रश्नाचा गाभा आहे. पोळ्याच्या वेशींतला मानाचा क्रम घाटानें मोडला होता. तो क्रम पैशाच्या वाटेनें पुन्हां घाटांत येऊन बसला आहे. पूर्वीं पाटीलकीनें जें मिळत असे, तें आतां खरेदीनें मिळतें.

धनिक गाडामालकाची बाजूही न्यायबुद्धीनें ऐकली पाहिजे. तो म्हणेल, 'मी पैसा खर्च करतों म्हणून खोंडाला किंमत येते, आणि ती किंमत गरिबाच्याच घरीं जाते. मी देणगी देतों म्हणून यात्रेचा खर्च चालतो. शिवाय पैशानें बैल विकत मिळतो. त्याची रग विकत मिळत नाहीं. लाखांचा बैल घाटाच्या मध्यावर अडून उभा राहिलेला लोकांनीं पाहिला आहे.' या म्हणण्यांत तथ्य आहे. खिल्लार गाय पाळणाऱ्याला आज जो थोडा उत्साह उरला आहे, तो शर्यतीमुळें आहे; आणि शर्यतीला आश्रयदाता लागतो, हेंही खरें. पैशाला घाटाबाहेर घालवून द्यावें, असें म्हणणें म्हणजे घाटच मोडणें होय. प्रश्न पैसा असावा कीं नसावा हा नाहीं; पैशानें किती अंतर धांवावें, हा आहे.

हा पेच कांहीं या मुलखालाच पडलेला नाहीं. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार लोकप्रिय आहे. त्याला 'स्टॉक कार' शर्यत म्हणतात. स्टॉक कार म्हणजे दुकानांत कोणालाही विकत मिळणारी साधी मोटार. जी मोटार शेजाऱ्याच्या दारांत उभी आहे तीच शर्यतींत धांवावी, म्हणजे चालविणाराचें कौशल्य दिसेल, अशी मूळ कल्पना. नांगराचाच बैल घाटांत, त्यासारखीच ती. १९४८ सालीं या शर्यतींसाठीं नॅसकार ही संस्था निघाली, आणि अशा साध्या मोटारींची तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथें झाली. तींत ग्लेन डनवे पहिला आला. परंतु शर्यतीनंतरच्या तपासणींत त्याच्या मोटारीच्या मागल्या स्प्रिंगा नियमाबाहेर बदललेल्या आढळल्या. त्याला बाद करण्यांत आलें, आणि जिम रोपर विजयी ठरला. साधेपणाचा नियम पहिल्याच दिवशीं तपासावा लागला, यांत मनुष्यस्वभावाचें सारें मर्म आलें.

पुढें त्या मोटारी नांवापुरत्याच साध्या राहिल्या. मोठ्या संघांनीं कारखाने उभारले, तंत्रज्ञ ठेवले. लहान संघ कर्जांत बुडाले. २०१६ सालीं संस्थेनें ३६ सनदा दिल्या. ज्याच्यापाशीं सनद, त्याला प्रत्येक शर्यतींत जागा आणि उत्पन्नांत वांटा निश्चित. ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें उरलेल्या मोजक्या जागांसाठीं झगडावें. २०२२ पासून मोटारीचे बहुतेक सुटे भाग ठराविक कारखान्यांकडूनच घ्यावे, असा नियम आला. हेतु हा, कीं श्रीमंत संघानें पैशाच्या बळावर निराळें यंत्र घडवूं नये. तरीही समाधान झालें नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत दोन संघ न्यायालयांत गेले. त्यांतील एकाच्या मालकांत प्रख्यात बास्केटबॉलपटु मायकेल जॉर्डन आहे. डिसेंबर २०२५ मध्यें तडजोड झाली, आणि सनदा कायमच्या झाल्या. महाराष्ट्रांतील मनुष्याला ही भाषा परकी वाटूं नये. सनद कायमची झाली म्हणजे तिचें वतन होतें. जेथें चालविणाराचें कौशल्य पाहावयाचें होतें, त्या शर्यतीला वतनदारीचे अंकुर फुटले.

या उदाहरणापासून दोन गोष्टी शिकतां येतात. एक घेण्याजोगी, एक टाळण्याजोगी. घेण्याजोगी ही, कीं न्याय हा केवळ घड्याळानें होत नाहीं. शर्यतीपूर्वीं काय तपासावें, हें ठरवावें लागतें. टाळण्याजोगी ही, कीं जागा कायमच्या वांटून दिल्या म्हणजे नव्या माणसाची वाट बंद होते. घाटाची चिठ्ठी या दृष्टीनें सनदेपेक्षां शतपट बरी.

तर मग तपासावें काय? शर्यत म्हणजे मुळांत विषमतेचाच शोध. सर्व गाडे एकाच वेळांत चढले, तर शर्यत कशाला हवी? म्हणून समता आणण्यासाठीं वेगवान बैलाच्या पायांत ओझें बांधावें, असें कोणी म्हणणार नाहीं. न्याय म्हणजे अंतर मिटविणें नव्हे. जें अंतर मोजावयाचें ठरविलें आहे तेंच मोजलें जावें, त्याच्या नांवाखालीं दुसरेंच मोजलें जाऊं नये, हा न्याय होय. सातारा-सांगलीकडील शर्यतींत हें तत्त्व फार दिवसांपासून पाळलें जातें. तेथें 'आदत', म्हणजे दुधाचे दांत न पडलेल्या बैलांची शर्यत वेगळी, 'दुसा', म्हणजे दोन दांत आलेल्यांची वेगळी. कोंवळ्या बैलाला जून बैलापुढें उभें करीत नाहींत. पंच बैलाचें तोंड उघडून दांत पाहतो, आणि वाद मिटतो. अडचण एवढीच, कीं बैलाचे दांत पाहतां येतात. धनाचे दांत कोण पाहणार?

ते पाहण्याची दृष्टि या जिल्ह्यापाशीं आहे, आणि ती कोठून उसनी आणावयास नको. लोणीच्या परिसरांतील लहान शेतकऱ्यांनीं विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना काढला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. एकट्यानें कारखाना काढण्याची ताकद त्यांच्यांतील कोणाचीच नव्हती. सहकाराचा नियम असा, कीं सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. पुढें सहकारांतही मोठीं झाडें वाढलीं आणि त्यांच्या सावलींत लहान रोपटीं खुरटलीं, ही टीका होते व ती अगदींच निराधार नाहीं. पण मूळ तत्त्व खोटें ठरलेलें नाहीं. गंमत अशी, कीं तेंच तत्त्व घाटांतही नांदत आहे. ज्याच्या दावणीला एकच चांगला बैल आहे, तो दुसऱ्या गांवच्या मालकाशीं संधान बांधतो. एकाचे दोन, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा एक, असे चार बैल मिळून गाडा उभा राहतो. गाडाशौकीन या भागीदारीला 'जुगलबंदी' असें संगीतांतलें गोड नांव देतात. चारी बैल एकट्यानें पोसण्याची ऐपत नसणाराला घाटांत उभें राहण्याची ही एकच वाट आहे.

तेव्हां यात्रा समित्यांनीं ही वाट रुंद करावी. त्यासाठीं नवा कायदा नको. गांवची बैठक पुरे. मोटारी आणि यंत्रें यांचा हव्यास सोडून बक्षीस रोख ठेवावें, आणि तें जुन्या रीतीप्रमाणें क्रमांकांतल्या सर्व गाड्यांत वांटावें. जुगलबंदीच्या गाड्यांसाठीं, आणि ज्यांचा बैल घरच्याच गाईचा आहे त्यांच्यासाठीं, एक क्रमांक राखून ठेवावा. बैल घरचा कीं विकतचा, हें पंचक्रोशींत कोणापासूनच लपत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बैल जिंकला कीं मालकाच्या नांवाबरोबर ज्याच्या गोठ्यांत तो जन्मला त्याचेंही नांव पुकारावें, व बक्षिसाचा लहानसा वांटा त्याच्याकडे पाठवावा. रक्कम थोडी असली तरी चालेल. माणसांच्या भिंतींत उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याला आपलें नांव ऐकूं आलें पाहिजे.

आतां ज्याच्या पायांवर हा सारा खेळ चालतो, त्याच्याविषयीं. स्पर्धा विषम झाली कीं तिचा भार शेवटीं मुक्या जनावरावर पडतो. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं, त्याला चाबकाचा आणि पराणीचा मोह होतो. ज्याच्यापाशीं आहे, त्याला औषधाच्या सुईचा. २०१४ च्या निकालाच्या मुळाशीं हेच क्लेश होते. २०१७ च्या दुरुस्तीनें छळाबद्दल पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण दंडाचेंही तेंच आहे. पांच लाखांत एकाचें शेत जातें, आणि दुसऱ्याचा एक बैलसुद्धां येत नाहीं. म्हणून समितीनें आपली शिक्षा वेगळी ठेवावी. ज्यानें बैलाला छळलें त्याचा गाडा बाद, आणि पुढल्या वर्षीं पंचक्रोशींतील एकाही घाटांत त्याला चिठ्ठी नाहीं. ही शिक्षा गरिबाला आणि श्रीमंताला सारखीच लागते, कारण घाटाबाहेर उभें राहण्याचें दुःख दोघांनाही सारखेंच आहे.

बैलाला धन्याची ऐपत ठाऊक नसते. ज्यानें भाकरीचा तुकडा दिला त्याचा हात तो ओळखतो, आणि पुढें घोडी दिसली कीं धांवतो. त्याच्या धांवण्यांत लबाडी नाहीं. ती त्याच्याभोंवतीं शिरूं द्यावयाची कीं नाहीं, हें माळावर जमलेल्या माणसांनींच ठरवावयाचें आहे. घाटाच्या माथ्यावर घड्याळ थांबतें तेव्हां त्यानें सांगितलेला आंकडा बैलाच्या पायांचा असावा, एवढीच पठारावरच्या त्या शेतकऱ्याची मागणी आहे. कारण त्याच्या गोठ्यांत गाय पुन्हां गाभण आहे.